एक्केचाळीस नंबरचा चाकू

मेल्क शेल्बर्टला चाकू दाखवायचा असेल तर तो घासूनपुसून नेऊ नये, एवढं सगळ्या खोऱ्याला ठाऊक होतं. तरी दरवर्षी कुणीतरी बाई मेलेल्या सासऱ्याचा चाकू राखेनं लख्ख करून घेऊन यायचीच. मेल्क पात्याच्या बुडाशी भिंग लावायचा आणि तोंड असं करायचा, जसं काही बाईनं सासऱ्यालाच राखेनं घासलंय.

"ठसा घालवलात की हो. आता हा कुणाचा, कधीचा, मी काय कपाळ सांगू?"

"गंजला होता म्हणून जरा..."

"गंजू द्यायचा! गंजानं एवढं बिघडत नाही. बिघडतं ते तुमच्या स्वच्छतेनं."

आणि स्वच्छतेचं वेड असलेल्या या देशात हे कुणाला पटवून देणार?

तीस वर्षं त्यानं पोस्टाची पिवळी बस चालवली. श्वीट्सच्या चौकातून खोऱ्याच्या टोकापर्यंत आणि परत. थांब्यावर लोक रुमालात गुंडाळलेला चाकू घेऊन उभे असायचे. मेल्क बस थांबवून आधी चाकू कानाशी उघडायचा, मिटायचा, मग मूठ नाकाशी न्यायचा. शिंगाला जळक्या केसांचा वास, सेल्युलॉइडला कापराचा. मग भिंग. मग निकाल. बसमधले उतारू घड्याळं बघायचे, पण कुणी बोलायचं नाही, कारण त्यांच्याही घरी खणात एखादा चाकू असायचाच. चार मिनिटं उशीर झाला की वरच्या साहेबाची चिठ्ठी यायची. मेल्क ती चिठ्ठी घडी घालून जिचा पाय हलतोय त्या खुर्चीखाली सरकवायचा.

निकाल मात्र सरळ द्यायचा. गावडींच्या घरातला धाकटा एकदा छाती काढून आला होता. "आजोबांचा चाकू. चौदा सालच्या लढाईत सरहद्दीवर होता हा."

मेल्कनं ॲल्युमिनियमची मूठ नुसती बोटानं चाचपली. "एकसष्टच्या आधी सैन्यात ही मूठ नव्हती. आजोबा कधी गेले?"

"बावन्न साली."

"मग आजोबांनी हा वरून पाठवला असेल."

त्या घरानं पुढं दोन वर्षं त्याच्या बसमध्ये पाय ठेवला नाही. मेल्कला त्याचं काही नव्हतं. लोकांना चाकू नको असतो, आजोबा हवे असतात, हे त्याला कळत होतं. पण म्हणून पोलादाला खोटं बोलायला लावायचं का?

लग्न त्यानं केलं नाही. आई पाउलिना आणि तो, दोघंच. आई एकोणनव्वदीला आली, गुडघ्यांनी संप पुकारला, तेव्हा ती सरोवराकाठच्या वृद्धाश्रमात गेली आणि मेल्क निवृत्त होऊन एकटा उरला. मग त्याचं सगळं आयुष्य महिन्यातल्या एका दुपारभोवती गोळा झालं. पहिल्या शनिवारी, जेवणं आटोपल्यावर, हिर्शन खानावळीच्या वरच्या खोलीत जुने चाकू जमवणाऱ्यांची मंडळी भरायची. अकरा जण. काचेच्या पेल्यात पातळ कॉफी आणि तिच्यात कॉफीपेक्षा जास्त दारू. अध्यक्ष ओडिलो रिकेनबाखर, सैन्यातला निवृत्त बंदूकदुरुस्त्या, आवाज असा की खालची भांडी वाजावीत.

मंडळीचं काम एकच: खोऱ्यातल्या बंद पडलेल्या छोट्या कारखान्यांचे चाकू ओळखायचे आणि त्यांना नावं द्यायची. कारखान्यांनी चाकूला कधी नाव दिलंच नव्हतं, नंबर दिला होता. कारखाना बंद झाला, कागद शेगडीत गेले, नंबरही गेले. मंडळीनं वीस वर्षांत चाळीस चाकूंना नावं दिली होती. लुत्सर्नच्या एका दुकानदाराचं नाव होतं, एका शिकाऱ्याचं होतं, दोन खानावळवाल्यांची होती. तेविसाव्या नंबरला ओडिलोच्या कुत्र्याचं नाव होतं, ब्लेस. ती यादी जर्मनीतले, जपानमधले शौकीनही मागवून घ्यायचे आणि तीच नावं तोंडी घालायचे. एकदा यादीत छापलं की झालं, ते नाव मग कुणाच्या बापाला पुसता येत नव्हतं.

नियम तीन. पुरावा चाकूवर डोळ्यांना दिसला पाहिजे, किंवा जुन्या छापील पत्रकात. मुठीचे खिळे काढून आतून उघडलेला चाकू यादीत येणार नाही. नाव बहुमतानं. हे नियम मेल्कनंच घालून दिले होते, आजोबावाल्यांना कंटाळून. दुसरा तर त्यानं भांडून घातला होता, कारण खिळे काढता आले की तीन भंगार चाकूंतून एक देखणा चाकू जोडता येतो आणि बाजारात असले चोर खूप. नियमात काही खोट नव्हती. तीच तर पंचाईत झाली.

त्या फेब्रुवारीत दातांचे डॉक्टर कुरिगर यांनी टेबलावर एक चाकू ठेवला. आइनसीडेल्नकडच्या एका वनरक्षकाच्या घराची आवराआवर चालली होती, तिथं मिळालेला. शिंगाची मूठ, दोन पाती, एक टोचा आणि हाताच्या पंजाएवढी करवत. बुडाशी ठसा: छोटं देवदाराचं झाड.

मेल्कच्या हातातला पेला तसाच राहिला. देवदार म्हणजे ओढ्यावरचा कारखाना. अठ्ठावन्न साली बंद पडला. त्याच्या आईनं तिथं चोवीस वर्षं खिळे ठोकले होते. आणि करवत असलेला देवदार आजवर कुणी पाहिला नव्हता.

त्यानं चाकू उचलला. मुठीवरून अंगठा फिरवला. खिळ्यांची टोकं अशी सपाट, की डोळे मिटले तर शिंग कुठं संपलं आणि खिळा कुठं सुरू झाला ते कळू नये. आई आयुष्यभर सांगत आली होती, माझा खिळा बोटाला लागायचा नाही म्हणून. इतरांना चार चार वेळा भिंग लावायला सांगणारा हा माणूस, त्यानं स्वतःचं भिंग खिशातून काढलंही नाही.

"हा माझ्या आईनं केलाय," तो म्हणाला. "आणि याचं नाव पाउलिना. चाळीस नावं झाली, त्यात चाकू करणारं एकही नाही. विकणारे आहेत, शोधणारे आहेत, कुत्रा आहे. एक तरी ठोकणारीचं येऊ दे."

कुरिगर सभ्य माणूस, त्यानं चष्मा पुसला. "शेल्बर्ट, मला आनंदच आहे. पण खिळे ठोकायच्या बाकावर बायका किती होत्या?"

"सतरा."

"मग तुमच्या आईचाच कशावरून?"

"आत खूण असते." हे मेल्कला घरात ऐकून ठाऊक होतं. शेवटचा खिळा ठोकायच्या आधी प्रत्येकीनं आतल्या पितळी पत्र्यावर अणकुचीनं आपली खूण ओरखडायची. चाकू बिघडून परत आला की मुकादम खिळे काढून आत बघायचा आणि जिची खूण तिला फैलावर घ्यायचा. बायकांची सही घेतली ती शिक्षेपुरती. चांगला निघालेला चाकू कोण कशाला उघडून बघतंय?

"आत," ओडिलो म्हणाला. "म्हणजे उघडावा लागेल."

"हो."

"आणि उघडला तर यादीत येत नाही."

"हो."

"हा नियम कुणाचा, मेल्क?"

सगळे हसले. मेल्कही हसला, पण दात न दाखवता. ओडिलोनं पेन्सिलीनं 'पाउलिना' लिहून पुढं प्रश्नचिन्ह काढलं आणि निर्णय पुढच्या महिन्यावर टाकला. कुरिगरनं चाकू तोवर मेल्ककडे दिला. असला चाकू महिनाभर दुसऱ्याच्या घरी राहू द्यायला काळीज लागतं. कुरिगरला ते होतं, हे इथं सांगून टाकलं पाहिजे.

एवढंच नव्हे, मंगळवारी त्यानं मेल्कला दवाखान्यात बोलावलं. "आपल्याकडे यंत्र आहे की हो! न उघडता आत बघू." मेल्क दात काढायच्या खुर्चीत बसला, चाकू त्याच्या मांडीवर, अंगावर शिशाचा झगा. मदतनीस पोरीनं गंभीरपणे विचारलं, "रुग्णाचं नाव काय घालू?" फोटो निघाला. काळ्या पट्टीवर पांढरा गोळा. पोलादाच्या आरपार बघायला ते यंत्र कुठलं पुरतंय!

"मुळं तर खणखणीत दिसतायत," कुरिगर म्हणाला. मेल्कला हसू आलं नाही.

तीन सकाळी तो स्वयंपाकघरात चाकू पुढ्यात घेऊन बसला. बाजूला छोटी हातोडी आणि खिळा ठोकून बाहेर काढायचा पंच. तीन ठोके, की आत काय आहे ते दिसलं असतं. पण जगात हा एकच. दिसलं की मातीमोल. आणि मुळात तो त्याचा नव्हता. दर वेळी पंच उचलायचा, फडक्यानं पुसायचा, परत ठेवायचा.

शेवटी चौथ्या दिवशी आईकडे गेला. खरं तर तिच्या वाढदिवसाला छापील यादीच तिच्या हातात ठेवायची असं त्यानं ठरवलं होतं, म्हणून आतापर्यंत तिला काही बोलला नव्हता.

खिडकीतून सरोवर दिसत होतं, दक्षिणेचा गरम वारा सुटला होता आणि त्या वाऱ्यात नेहमी दुखायचं तसं पाउलिनाचं डोकं दुखत होतं. मेल्कनं चाकू तिच्या हातात दिला.

"कुठनं आणलास हा?"

"सांगतो. ओळख आधी."

तिनं झाडाचा ठसा नखानं खरवडला. मग कानातलं ऐकायचं यंत्र काढून पेल्याजवळ ठेवलं, हाडातून ऐकायला मिटलेला चाकू हनुवटीच्या हाडाला टेकवला आणि करवत उघडली, मिटली. पुन्हा उघडली, मिटली. तिसऱ्यांदा मिटली आणि यंत्र कानात घातलं.

"माझा नाही."

"आई, खिळे बघ. बोटाला लागत नाहीत."

"खिळ्यांची टोकं घासायला खाली वेगळ्या पोरी होत्या, बावळटा. ती त्यांची कामगिरी."

"तूच म्हणायचीस, माझा खिळा..."

"म्हणायचे! तू जेवत नसायचास तेव्हा काहीही सांगायचे तुला." तिनं करवतीवर बोट आपटलं. "मधला खिळा जास्त ठोकलाय. करवत मिटताना बघ, आधी अडते, मग एकदम पडते. ही वाल्बुर्गा. वाल्बुर्गा इमहोफ. पायानं अधू होती, मुकादम तिला बकरी म्हणायचा. त्याचा राग मधल्या खिळ्यावर काढायची. तिच्या शेजारी एकोणीस वर्षं बसले मी, मला कळत नाही?"

मेल्क खुर्चीत मागं टेकला. "खूण काय होती तिची?"

"दोन तिरक्या रेघा. बकरीची शिंगं." पाउलिना हसली. "त्यानं चाकू उघडून बकरी म्हणायच्या आधीच स्वतः काढली तिनं."

"कबर कुठंय तिची?"

"कबरीची पंचवीस वर्षांची मुदत संपली रे. काढली. दगड कुणाला हवा का म्हणून पाद्र्यानं विचारलं होतं. ना मूल ना पुतण्या, कोण नेणार? खडी झाली असेल त्याची रस्त्यावर. तू बस नेली असशील वरनं."

मेल्कनं मग सगळं सांगितलं. मंडळी, पाउलिना, प्रश्नचिन्ह. आई ऐकत गेली आणि तिचे ओठ बारीक होत गेले.

"मला विचारायच्या आधी माझं नाव सांगून बसलास?"

"हो."

"आता काय करशील?"

"बदलून घेईन. वाल्बुर्गा म्हणेन."

"तोंडावर आपटशील."

"आपटेन. पण ते नाव आता दुसरीकडं कुठंय, आई? चर्चच्या वहीत, आणि या पत्र्याच्या आत. आतलं कुणी बघणार नाही."

"माझं नाव चढत होतं, ते जाऊ देतोयस," ती म्हणाली. तिला वाईट वाटलं की बरं वाटलं, हे तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. चाकू त्याच्या हातात परत ठेवत म्हणाली, "जा. तिचंच सांग. मी उगाच दुसरीचा खिळा घेणार नाही."

मार्चच्या पहिल्या शनिवारी मेल्क दाढी करून, रविवारचा कोट घालून हिर्शनचा जिना चढला. उभं राहूनच बोलला. पाउलिना नाही, वाल्बुर्गा. माझी चूक झाली. टोकं घासणाऱ्या वेगळ्या होत्या. खरी ओळख मधल्या खिळ्यात आहे.

ओडिलोनं पेन्सिल कानामागून काढली. "गेल्या महिन्यात पाउलिना. या महिन्यात वाल्बुर्गा. पुढच्या महिन्यात कोण, माझी मेव्हणी?"

"चूक झाली म्हटलं ना!"

"तुझी चूक? वीस वर्षांत पहिलीच. मग दुसरी नसेल कशावरून?"

"आईनं ओळखला. वाल्बुर्गाच्या शेजारी बसायची ती."

"कशावरून ओळखला?"

"मिटताना. करवत आधी अडते, मग पडते."

"म्हणजे कानानं," कुरिगर हळूच म्हणाला. त्याला खरंच मदत करायची होती. "त्यांना ऐकू नीट येतं ना, शेल्बर्ट?"

इथं मेल्क खोटं बोलू शकला असता. कुणी तपासायला जाणार नव्हतं. पण आयुष्यभर दुसऱ्यांचे आजोबा मोडून काढलेल्या माणसाच्या जिभेला ते वळण नव्हतं.

"यंत्र लावते," तो म्हणाला. "पण हे यंत्र काढून..."

पुढचं कुणाला ऐकूच गेलं नाही. ओडिलो टेबल बडवत होता. कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याला हसता हसता ठसका लागला. कुरिगर खाली बघत होता.

"हसा!" मेल्क ओरडला. "कुत्र्याच्या नावाचा चाकू चालतो तुम्हाला!"

"ब्लेसनं तो उकरून काढला," ओडिलोनं डोळे पुसले. "चौघांनी पाहिलंय. पुरावा आहे."

"दहा चाकू घ्या. पन्नास घ्या! तिच्यापुढं ठेवा. बघा ओळखते का."

"आणि ताडून कशाशी बघणार? दहाचे दहा उघडून?"

इतक्या दिवसांत हे मेल्कच्या डोक्यातच आलं नव्हतं. आई चूक आहे हे ठरवायला चाकू फोडावा लागणार, आई बरोबर आहे हे ठरवायलाही फोडावा लागणार.

तो कुरिगरकडे वळला. आवाज उतरला होता. "डॉक्टर, हा तुमचा आहे. तुम्ही म्हणालात तर मी इथंच, सगळ्यांसमोर..."

"नाही हो." कुरिगरनं चाकूवर हात ठेवला. रागानं नव्हे. लेकराच्या डोक्यावर ठेवावा तसा. "हा एकच आहे. तुम्हीच सांगितलंत मला, की एकच आहे."

मत झालं. वाल्बुर्गाला दोन हात वर आले, मेल्कचा आणि कुरिगरचा. बाकी नऊ हातांनी मंडळीच्या रिवाजाप्रमाणे ज्याला सापडला त्याचं नाव दिलं: डॉक्टरांची रानकरवत. कुरिगरनं मान हलवून नको म्हटलं. ओडिलो म्हणाला, नाव नाकारायचा नियम नाही.

"निदान शेऱ्यात लिहा," मेल्क म्हणाला. "खिळे कदाचित वाल्बुर्गा इमहोफ हिचे."

ओडिलो आता हसत नव्हता. वीस वर्षांची दोस्ती होती. "मेल्क, 'कदाचित' हा शब्द आपल्या यादीत एकदाही नाही. तूच काढायला लावला होतास. गावडी मंडळी रडत होती आजोबांसाठी, तेव्हाही तू ऐकलं नाहीस."

मेल्क बसला. त्याच्यापुढं पातळ कॉफी निवत होती. चाकूंची वर्णनं यादीत पहिल्यापासून तोच लिहायचा, म्हणून वही आपसूक त्याच्यापुढं सरकली. नाही म्हटलं असतं तर पलीकडच्या माणसानं लिहिलं असतं, आणि शिंगाच्या जागी हाड लिहिलं असतं. त्यानं लिहिलं. नंबर एक्केचाळीस. मूठ शिंगाची. ठसा देवदार. करणारा: अज्ञात. हा शब्द लिहिताना त्याला अंगठ्याखाली मधल्या खिळ्याची जागा समजत होती, चाकू टेबलाच्या पलीकडे असूनसुद्धा.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, आश्रमात जेवायला बटाटे घातलेली शेवई आणि सफरचंदाचा गर होता. पाउलिनानं त्याला बसूही दिलं नाही.

"काय झालं?"

"डॉक्टरचं नाव दिलं."

"डॉक्टरनं कुठला खिळा ठोकला?"

"त्याला सापडला."

"मला पण सापडले होते की. दिवसाला साठ." तिनं काटा ठेवला. "तू भांडलास ना?"

"भांडलो."

"ओरडलास?"

"ओरडलो, आई."

"मग राहू दे." ती गर चमच्यानं ढवळत राहिली. मग एकाएकी म्हणाली, "लिही."

"काय लिही?"

"कागद घे. सतराच्या सतरा सांगते. तुमच्या यादीत नको, असाच लिही. घरात ठेव." आणि कारखान्यात कोण कुठं बसायची त्या क्रमानं तिनं बोटं धरली. शेगडीपासून सुरुवात केली. ओटिलिया बुर्गी. तिच्या शेजारी आगाथ. आगाथ कुठली? आगाथ त्सुरफ्लूह. मग दोघी बहिणी, लीना आणि सीली. मग वाल्बुर्गा. मग मी. मेल्क आश्रमाच्या जेवणाच्या पत्रकामागं भराभर लिहीत होता. तेरा झाल्या. चौदा. पंधरावी दाराशी बसायची, लाल केसांची, थिओडोरा. सोळावी मुकादमाची भाची, तिचं आडनाव नको लिहूस, लिही बरं, लिही.

आणि पाउलिना थांबली.

"खिडकीपाशी कोण होती?"

मेल्क पेन धरून बसला.

"खिडकीपाशी रे. हात गारठायचे तिचे. मी तिला माझे मोजे देत असे हातात घालायला. पोर होती नुसती, वरच्या वाडीची. काय नाव तिचं?"

"मला कसं ठाऊक असणार, आई? मी लहान होतो."

"तू यायचास की डबा घेऊन! तुला नाशपातीचा पाव द्यायची ती. तुला आठवत नाही?"

मेल्कनं आठवून पाहिलं. ओढ्याचा आवाज आठवला, तेलाचा वास आठवला. खिडकी आठवली. खिडकीच्या उजेडात बसलेलं माणूस आठवेना. त्या पोरीनं ठोकलेला एखादा चाकू समोर असता तर त्याचं साल, शिंग, ठसा त्यानं क्षणात सांगितलं असतं.

"नाही आठवत," तो म्हणाला.

"थांब, येईल." पाउलिनानं बोटं सोडली आणि परत पहिल्यापासून धरली. शेगडीपाशी ओटिलिया. मग आगाथ. मग लीना, सीली. तिचा आवाज चढत गेला, शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्या वळून बघायला लागल्या. वाल्बुर्गा. मी. ती खिडकीपाशी आली आणि पुन्हा अडली. शेवई निवली. परिचारिका ताट न्यायला आली, दोघांकडे बघून तशीच मागं फिरली, आणि पाउलिनानं तिसऱ्यांदा शेगडीपासून सुरुवात केली.